वाचकांचे प्रश्न : घरी कातलेली लोकर आणि हाताने विणलेला स्वेटर

या वेळच्या पत्रांत सुयांचे प्रश्न आहेत आणि टकळी-चरख्याचेही. त्यांचे दोन गट मुद्दामच केलेले नाहीत. विणताना त्रास देणाऱ्या बऱ्याच गोष्टींचे मूळ धाग्याच्या पिळात किंवा न घेतलेल्या मापात असते, हे उत्तरे एकत्र वाचल्यावर अधिक स्पष्ट होईल.

प्रश्न : छापील कृतीप्रमाणे मोजून टाके घातले. सुया ८ नंबरच्याच, लोकरही सांगितलेल्या जाडीची. तरी ९६ सेंटिमीटर घेराचा स्वेटर १०५ सेंटिमीटरच्या पुढे गेला. हात सैल आहे म्हणून सरळ बारीक सुई घ्यावी का?

उत्तर : घ्यावी, पण किती बारीक ते मोजून ठरवा. या जाडीच्या लोकरीच्या कृतीत बहुधा १० सेंमीला २२ टाके धरलेले असतात. ९६ सेंमीसाठी २११ टाके झाले. तुमच्या हाताने १० सेंमीत २० टाके बसत असतील, तर त्याच २११ टाक्यांना १०५.५ सेंमी जागा लागते. दहा सेंमीमागे दोन टाक्यांचा फरक सुईवर असताना डोळ्यांना दिसत नाही, पण पूर्ण घेरात तो स्वेटर एका मापाने मोठा करतो.

म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणा. ३४ टाके घाला आणि १५ सेंमी उंच विणा. स्वेटर ज्या विणीचा, त्याच विणीत. मग स्वेटर जसा धुणार तसाच हा तुकडा धुवा, न ताणता आडवा पसरून वाळवा आणि नंतरच मोजा. काठाजवळचे टाके सैल आणि वेडेवाकडे असतात, त्यामुळे पट्टी मधोमध ठेवून १० सेंमीतले टाके मोजायचे. अर्धा टाकाही सोडू नका, कारण पूर्ण घेरात त्या अर्ध्याचे दोन-अडीच सेंमी होतात. टाके कमी भरले तर बारीक सुई, जास्त भरले तर जाड सुई आणि पुन्हा नवा तुकडा. न धुतलेल्या तुकड्यावर विसंबू नये. काही लोकरी पाण्यात पडल्या की सैलावतात, विशेषतः मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर.

बारीक सुईवर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होऊ लागले, तर ती सुई त्या लोकरीसाठी नाही. अशा वेळी जुनी सुई ठेवा आणि टाक्यांची संख्या बदला. हवा असलेला घेर सेंमीत घ्या, दहाने भागा आणि तुमच्या १० सेंमीतल्या टाक्यांनी गुणा. हा घेर अंगाच्या मापापेक्षा ५ ते १० सेंमी जास्त धरायचा, नाहीतर आत सदरा मावत नाही.

सुईच्या नंबरांबद्दलही सावध राहा. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी, तिथे १० नंबर म्हणजे ६ मिमीची जाडजूड सुई. परदेशी कृती वापरताना मिलिमीटरचा आकडाच खरा माना.

प्रश्न : टकळीवर लोकर कातताना धागा एके ठिकाणी दोऱ्याइतका बारीक आणि पुढे लगेच फुगलेला निघतो. बारीक जागी तुटेल असे वाटते, पण तुटतो मात्र फुगलेल्या जागीच. असे का?

उत्तर : पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो, कारण तिथे वळायला विरोध कमी असतो. बारीक भागात तो गच्च भरतो आणि फुगीर भागाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. पिळाशिवाय तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नसते. टकळीचे वजन लोंबू लागले की ते तंतू शेजारच्या तंतूंवरून घसरतात आणि धागा सुटतो. नीट पाहिलेत तर टोके तुटलेली नसतात, नुसती निसटलेली असतात.

फुगीर जागा दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंमीवर धागा चिमटीत धरा, पीळ किंचित उलगडा आणि हलकेच ओढा. ती जागा लांबून बारीक होते. मग चिमटी सोडा, पीळ आपोआप आत शिरतो.

मूळ उपाय मात्र दोन्ही हातांची कामे वेगळी करणे हा आहे. टकळीला पीळ द्या आणि ती लोंबती न ठेवता गुडघ्यांत धरा. पुढच्या हाताची चिमटी घट्ट, तिच्या पलीकडे पीळ जाता कामा नये. मागचा हात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, अगदी सैल धरून मागे सरकतो आणि तंतू पातळ करतो. हवी तितकी जाडी आली की पुढची चिमटी सरकवून पिळाला आत येऊ द्यायचे. पीळ संपला की पुन्हा टकळी फिरवायची. वेग कमी असतो, पण हात तयार होतो तो असाच. दोन हातांमधले अंतर तंतूच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. अंतर कमी पडले तर एकाच तंतूची दोन्ही टोके दोन हातांत येतात आणि कितीही ओढले तरी पेळू हलत नाही. पेळू अडतो तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असते आणि नवशिका उगाच जोर लावत बसतो.

शिकताना ७ ते १० सेंमी लांब तंतूची, मध्यम पोताची लोकर घ्या. फार मऊ, गुळगुळीत लोकर हातातून निसटते. टकळी ३० ते ४० ग्रॅमची असावी. धागा सुटलाच तर गाठ मारू नका. दोन्ही टोकांचे सात-आठ सेंमी पिंजून मोकळे करा, एकमेकांवर ठेवा आणि पीळ चढू द्या. गाठ विणकामात समोर येतेच.

प्रश्न : हातकताईच्या एकपदरी लोकरीचा स्वेटर विणला. पाठीचा तुकडा चौकोनी न राहता समांतरभुज चौकोनासारखा एका बाजूला कलला आहे. टाके मोजले, बरोबर आहेत. धुवून टाचण्या लावून सरळ केला तर राहील का?

उत्तर : पुढच्या धुण्यापर्यंत राहील, नंतर पुन्हा कलेल. दोष तुमच्या विणण्यात नाही. एकपदरी धाग्यात सगळा पीळ एकाच दिशेचा असतो आणि त्याला उलगडायचे असते. विणल्यावर प्रत्येक टाका त्या ओढीने थोडासा त्याच बाजूला झुकतो. हजारो टाक्यांचा तो झुकाव एकत्र होऊन अख्खे कापड तिरके होते. एक ओळ सुलट-एक ओळ उलट या साध्या विणीत हे सर्वांत जास्त दिसते, कारण तिच्या दर्शनी बाजूला सगळे टाके सुलटच असतात. त्याच धाग्याने एक सुलट-एक उलट असे विणून पुढच्या ओळीत त्यांची उलटापालट केली, तर सुलट टाक्यांची ओढ उलट टाके तोलतात आणि कापड सरळ राहते. उसवायची तयारी असेल तर तीच लोकर अशा विणीत वापरा.

पुढच्या वेळी स्वेटरसाठी दोनपदरी धागा करा. दोन्ही पदर टकळी उजवीकडे फिरवून कातले असतील, तर ते एकत्र पिळताना टकळी डावीकडे फिरवायची. उलट्या दिशेच्या पिळाने पदरांतला काही पीळ निघून जातो आणि उरलेले दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात. किती पिळायचे याचे माप धाग्यातच असते. कातता कातता हातभर ताजा धागा सैल सोडून मधोमध दुमडा, तो स्वतःभोवती वळून आपोआप दोनपदरी होतो. तो तुकडा कापून जाड कागदावर चिकटवून ठेवा आणि सगळी लोकर त्याच्याशी ताडून पिळा. धागा ताजाच हवा. चार दिवस गुंडाळून ठेवलेला धागा शांत वाटतो, पण पीळ फक्त झोपलेला असतो, पाणी लागले की जागा होतो.

पिळून झाल्यावर लडी करा, चार ठिकाणी सैल आठ-बांधणीने (इंग्रजी 8 च्या आकारात दोरा फिरवून) बांधा, कोमट पाण्यात वीस मिनिटे बुडवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि वजन न लावता लटकवा. वाळल्यावर लडी सरळ लोंबली तर धागा तोललेला आहे. ती स्वतःभोवती दोन-तीनदा वळत असेल, तर मीटरभर तुकडा घ्या, हातानेच एका दिशेला थोडा पीळ देऊन दुमडून पाहा, मग दुसऱ्या दिशेला देऊन पाहा. ज्या दिशेने तो शांत होतो, त्या दिशेने सगळी लडी पुन्हा एकदा टकळीवरून काढा. वजन टांगून लडी सरळ वाळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो स्वेटरच्या लोकरीसाठी मला पटत नाही. ताणून वाळवलेला धागा पहिल्या धुण्यात आखडतो आणि तुमचे माप चुकते.

प्रश्न : मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या स्वेटरसाठी किती लोकर कातावी लागेल?

उत्तर : वजनावर न जाता लांबी धरा, हातकताईचा धागा गिरणीच्या धाग्यापेक्षा बहुधा घट्ट आणि जड असतो. ९५ ते १०० सेंमी घेराच्या साध्या विणीच्या स्वेटरला, १० सेंमीत २२ टाके बसणाऱ्या जाडीचा धागा १,२०० ते १,४०० मीटर लागतो. वेण्या किंवा उठावाची वीण असेल तर पाचवा हिस्सा वाढवा. १,३०० मीटर दोनपदरी म्हणजे २,६०० मीटर एकपदरी, आणि पिळताना लांबी आखडते म्हणून २,९०० धरा. जाडी तपासायला धागा पट्टीवर न ताणता, शेजारी शेजारी गुंडाळा. अडीच सेंमीत बारा-तेरा वेढे बसले की ४ मिमीच्या सुईजोगा धागा झाला. लांबीसाठी फाळक्याचा, म्हणजे लडी गुंडाळायच्या चौकटीचा, एक वेढा मोजून ठेवा. दीड मीटरचा वेढा असेल तर १५० वेढ्यांची लडी २२५ मीटरची.

पिंजलेली स्वच्छ लोकर साधारण ७०० ग्रॅम हाताशी असू द्या. आणि सगळे पदर कातून होईपर्यंत पिळायला घेऊ नका. महिनाभराच्या कामात हात बदलतो. पहिल्या दिवसांचा पदर शेवटच्या दिवसांच्या पदराशी पिळला, तर जाडीतला फरक स्वेटरभर वाटला जातो. तसे केले नाही तर पाठ जाड आणि बाह्या पातळ होतात.

प्रश्न : मेंढीची न धुतलेली लोकर गरम पाण्यात धुतली. एकदा तिचा नमदा झाला (तंतू एकमेकांत अडकून गच्च थर), एकदा वाळल्यावर चिकट राहिली. पाणी गरम हवे की गार?

उत्तर : गरमच हवे, साठ अंशांच्या आसपास. लोकरीवरचा मेदाचा थर चाळीस अंशांच्या सुमारास वितळतो, त्याखाली तो निघत नाही. चिकटपणा आला तो पाणी टबातच निवल्यामुळे. सुटलेला मेद पुन्हा तंतूंवर बसला. नमदा झाला तो नुसत्या उष्णतेने नव्हे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल्या, साबण लागलेल्या लोकरीला चोळले, ढवळले किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग ते सुटत नाहीत. आटलेला स्वेटर पूर्ववत करण्याबद्दल दोन पत्रे आहेत, त्यांचे उत्तरही हेच. आटलेली लोकर ओली असताना थोडी ताणता येते, पण मूळ मापाला परत येत नाही.

धुण्याआधी शेण-मातीचे गोळे आणि काड्या हाताने काढा. २०० ते २५० ग्रॅमचे भाग जाळीच्या पिशवीत सैल भरा. आधी टबात पाणी आणि भांडी घासण्याचे द्रव घ्या, नंतर पिशवी वर ठेवून दाबत बुडवा. लोकरीवर नळ सोडू नका. ढवळायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी, पाणी हाताला चांगले गरम लागत असतानाच पिशवी उचला. तितक्याच गरम पाण्यात पुन्हा एकदा साबण, मग दोनदा नुसते पाणी. धुण्याचा सोडा टाळा, क्षाराने लोकर ठिसूळ होते. सावलीत जाळीवर पसरून वाळवा. वजन बरेच घटते, बारीक पोताच्या लोकरीत निम्म्यापर्यंत. कच्ची लोकर घेताना हा हिशेब धरूनच घ्या.

प्रश्न : सुलट ओळीतले टाके नीट दिसतात, पण एक ओळ सोडून एक ओळ टाक्यांच्या पायांची फुली झालेली दिसते. कापडही आखूड आणि ताठ वाटते.

उत्तर : उलट विणताना लोकर सुईभोवती उलट्या बाजूने जात आहे. सुईवरच्या टाक्याला दोन पाय असतात आणि उजवा पाय सुईच्या पुढे असायला हवा. उलट टाका घालताना लोकर उजव्या सुईच्या वरून येऊन खाली गेली तर तो तसा बसतो. सुईखालून वर आली तर डावा पाय पुढे येतो आणि पुढच्या सुलट ओळीत त्याच पुढच्या पायातून विणले की टाका पिळला जातो. लोकर वरून खाली आणायची सवय लावा. सवय मोडत नसेल तर सुलट ओळीत मागच्या पायातून विणा, कापड तितकेच चांगले होते. मात्र मग दोन टाके एकत्र विणून कमी करताना ते कोणत्या बाजूला झुकतात हे बदलते, तिकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : लहान मुलांच्या स्वेटरचा गळा डोक्यातून जात नाही. टाके भरपूर उचललेले असतात.

उत्तर : टाके पुरेसे आहेत, ते बंद करताना काठ आवळला जातो. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० सेंमीच्या आसपास असतो. गळपट्टीचा शेवटचा काठ ताणल्यावर त्याहून मोठा व्हायलाच हवा. दोन टाके मागच्या पायांतून एकत्र सुलट विणा, मिळालेला टाका परत डाव्या सुईवर घ्या, पुन्हा दोन एकत्र. असेच शेवटपर्यंत, बॉर्डरच्या सुईपेक्षा दोन मापे जाड सुईने. लोकर कापण्याआधी काठ टेपवर ताणून पाहा. गळ्याच्या उभ्या काठावर चार ओळींमागे तीन टाके उचला, प्रत्येक ओळीतून उचलले तर पट्टीला झालर पडते.

प्रश्न : बाही मनगटापासून वर विणताना टाके कधी वाढवायचे, हे कृतीशिवाय कसे काढावे?

उत्तर : समजा १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी बसतात. बॉर्डरनंतर ४८ टाके आहेत आणि मुंढ्यापाशी ७६ हवेत. २८ टाके वाढवायचे, दोन्ही कडांना एकेक, म्हणजे १४ वेळा. बॉर्डर सोडून मुंढ्यापर्यंत ३८ सेंमी, म्हणजे १०६ ओळी. वरच्या १२ ओळी सरळ ठेवा, नाहीतर काखेत ओढते. उरल्या ९४. त्यांना १४ ने भागले तर पावणेसातच्या आसपास येते, आणि वाढ दर्शनी ओळीतच करायची म्हणून आकडा सम हवा. तेव्हा ९ वेळा दर सहाव्या ओळीला आणि ५ वेळा दर आठव्या ओळीला. ५४ अधिक ४०, बरोबर ९४. वाढ काठाच्या एक टाका आत करा, शिवण सरळ बसते. दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर दोन गुंड्यांनी शेजारी शेजारी विणल्या तर दोन्हींतली वाढ एकाच ओळीत होते आणि मोजणी चुकत नाही.

प्रश्न : ॲक्रिलिकच्या स्वेटरला इस्त्री करता येते का?

उत्तर : नाही. उष्णतेने तंतू मऊ पडून चपटे होतात, उभारी जाते आणि ती कोणत्याही धुण्याने परत येत नाही. लेबल नसलेला धागा असेल तर एक तुकडा चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो.

प्रश्न : चरख्यावर कातलेल्या सुताचा स्वेटर विणता येईल का? लोकरीचे सगळे नियम लागू पडतात का?

उत्तर : विणता येतो, पण कातणे आणि विणणे दोन्ही बदलते. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंमीचा, त्यामुळे पीळ लोकरीपेक्षा खूप जास्त लागतो. लोंबती टकळी इथे नको, वजनाने धागा तुटतो. टकळीचे टोक वाटीत टेकवून फिरवा. चरख्यावर सूत चातीच्या, म्हणजे फिरत्या लोखंडी काडीच्या, टोकावरून तिरपे धरले की दर फेऱ्याला ते टोकावरून निसटते आणि पीळ चढतो. काटकोनात आणले की गुंडाळले जाते. पेळू नुसता आधार द्यावा इतका हलका धरा. हात मागे नेल्यावर लगेच गुंडाळू नका, चाक आणखी काही फेरे फिरवून पीळ भरा आणि मगच गुंडाळा. कमी पिळाचे सूत विणताना सुईवरच विस्कटते.

लडी थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळा. कापसाला हे चालते. पीळ बसतो आणि तंतूवरचे मेण निघून सूत पाणी शोषू लागते.

सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. ताणलेला टाका मागे येत नाही, आणि कापड जड असल्याने स्वेटर अंगावर लांबतो. लोकरीसाठी घेतली असती त्याहून एक-दोन मापे बारीक सुई घ्या. बॉर्डरचे टाके अंगाच्या टाक्यांपेक्षा दहा टक्के कमी ठेवा. बिनशिवणीचा गोल विणू नका. खांदा आणि बगलेची शिवण या स्वेटरचे वजन पेलते, आणि खांद्याच्या शिवणीत आतून सुती फीत घातली तर बाह्या खाली ओघळत नाहीत. नमुन्याचा तुकडा धुतल्यावर दिवसभर खाली दोन-तीन चिमटे लावून टांगून ठेवा आणि मग उभे माप घ्या. स्वेटरची लांबी त्या मापावर ठरवा.